इस्त्री केलेले बारकोड

काम एवढंच होतं: बेल वाजली की दार उघडायचं, कुरियरवाल्याला डबे द्यायचे आणि दार लावायचं. यात बिघडण्यासारखं काही आहे का, तुम्हीच सांगा. शेंबड्या पोरालाही जमलं असतं. पण शेंबड्या पोराला डोकं चालवायची सवय नसते, आणि शिक्केसाहेबांना नेमकी तीच खोड होती.

शिक्केसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका मोठ्या ऑफिसच्या भांडारात त्यांची हयात गेली. तिथे टाचणी हवी असली तरी मागणीपत्र लागायचं, मागणीपत्रावर शिक्का लागायचा, आणि शिक्का शिक्केसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद असायचा. मागणारा मोठा साहेब असो की शिपाई, शिक्क्याशिवाय खोडरबर हलत नसे. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला. म्हणजे काय होतं? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. त्यांनी भिंती बघून घेतल्या, आणि मग त्यांची नजर बायकोच्या साबणांवर गेली.

बायकोला सगळी कॉलनी साबणवहिनी म्हणायची. स्वयंपाकघरातल्या मागच्या ओट्यावर ती साबण करायची: गुलाब, लिंबू, पुदिना, कॉफी, मध आणि एक बिनवासाचा. तीन-तीन वड्या तपकिरी डब्यात भरायच्या, डब्याला रंगीत दोरा बांधायचा, गुलाबाला गुलाबी, लिंबाला पिवळा, आणि द्यायचे पाठवून. सगळी विक्री एका साइटवरून चालायची. घराच्या दारावर पाटी साहेबांची, विजेचं बिल साहेबांच्या नावावर, एवढंच काय, वाचनालयाचं कार्डही साहेबांच्याच नावाचं. या साइटवरच्या दुकानावर मात्र नाव होतं वहिनीचं. ती रोज सकाळी उठून आधी ते नाव बघायची आणि मग दात घासायची. कोणाला सांगायची नाही, पण बघायची.

आता साइटचा नियम असा की गिऱ्हाइकाला चुकीचा माल गेला, वेळेवर गेला नाही, किंवा ऑर्डर रद्द झाली, की दुकानाला एक पिवळी सूचना. तीन पिवळ्या सूचना झाल्या की दुकान बंद, नाव पुसलं, विषय संपला. अपील करायची सोय होती, पण ती सोय म्हणजे विहिरीत ओरडण्यासारखी, असं सगळे म्हणायचे.

पहिली पिवळी सूचना वहिनीच्या हातून आली. घाईत गुलाबाच्या जागी लिंबू गेलं. एवढीशी चूक, पण शिक्केसाहेबांना तर जणू खजिनाच सापडला.

"हे असं चालायचं नाही," ते म्हणाले. "दोरे बांधून का कुठे कारभार होतो? सिस्टिम पाहिजे."

"अहो, एकदाच चुकलं."

"चूक एकदाच होत असते. दुसऱ्यांदा होते तो निष्काळजीपणा."

आणि आठवड्याच्या आत घरात बारकोड वाचायचं यंत्र आणि लेबल छापायचं छोटं मशीन येऊन दाखल झालं. दोऱ्यांची रिळं माळ्यावर गेली. "एका घरात दोन पद्धती नांदत नाहीत," असा निकाल साहेबांनी दिला. यंत्र डब्यावर धरलं की 'टीं' वाजायचं. पहिले दोन दिवस त्यांनी घरात जे दिसेल त्याला लेबल चिकटवून टीं केलं. मिठाची बरणी टीं, छत्री टीं, वहिनीचा चष्मा टीं. तिने चष्मा लावून वर पाहिलं तर काचेच्या कोपऱ्यात काळ्या रेघा. तिने त्या नखाने खरवडल्या आणि कामाला लागली. नवरा घरात कशात तरी रमलाय, हेही तिला थोडकं नव्हतं.

पण त्या यंत्राचा एक स्वभाव आहे, तो साहेबांना कोणी सांगितला नव्हता. ते आकडे वाचतं आणि संगणकाच्या पडद्यावर टाकतं, पण टाकतं कुठे? जिथे त्या वेळी कर्सर लुकलुकत असेल तिथे. एकदा तो साहेबांच्या थोरल्या बहिणीच्या चॅटमध्ये लुकलुकत होता. तिला मिठाच्या बरणीचा आकडा गेला. बहिणीला वाटलं, भावाचं काही बरंवाईट झालं आणि जाता जाता त्याने लॉकरचा नंबर कळवला. ती रडतच फोनवर आली. बरं, ते निभावलं. दुसऱ्या वेळी कर्सर होता दुकानातल्या 'शिल्लक माल' या चौकटीत. साहेबांनी कॉफीचा डबा टीं केला, आणि वहिनीच्या दुकानात कॉफीचे साबण काही अब्ज नग शिल्लक आहेत असं साऱ्या जगाला दिसलं. कुठल्याशा हॉटेलाने ते पाहिलं आणि इतके साबण मागवले की ते करायला वहिनीला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. ऑर्डर रद्द केली. दुसरी पिवळी सूचना आली.

त्या दिवशी वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आता एक जरी आली ना, तर माझं दुकान गेलं." आवाज अगदी साधा होता. शिक्केसाहेबांना त्याची भीती वाटली, पण भीती वाटलीय हे कबूल करायची पद्धत त्यांच्या खात्यात नव्हती.

तर असा तो प्रसंग. वहिनीला सणसणीत सर्दी झाली होती. नाक चोंदलेलं, डोकं जड. तरी तिने सकाळी बसून तीसेक डबे भरले आणि प्रत्येकाला साइटने दिलेली लाल पट्टी लावली. ही पट्टी मोजून मिळते, एका ऑर्डरला एक. ती फाटल्याशिवाय निघत नाही, आणि फाटलेल्या पट्टीचा डबा कुरियरवाला हातात धरत नाही. मग तिने लेबलं छापून चिकटवली. बारकोडही त्यावरच, पत्ताही त्यावरच. सगळं झाल्यावर औषध घेतलं आणि आडवी होताना म्हणाली, "पाचला तो येईल. डबे द्या. बाकी कश्शाला हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" साहेब म्हणाले.

तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. शहाणी बाई.

साहेब डब्यांसमोर खुर्ची टाकून बसले. बसले ते बसले, गप्प बसावं ना! पण त्यांना दिसलं की एका लेबलाचा कोपरा उचललाय. दाबला, परत उचलला. मग दुसऱ्याचाही दिसला. साबणाच्या तेलामुळे असेल किंवा लेबलं स्वस्तातली असतील, पण निम्म्या डब्यांचे कोपरे कुत्र्याच्या कानासारखे वर आले होते. वाटेत लेबल पडलं तर? डबा हरवला तर? तिसरी सूचना! आता बायकोला उठवून विचारावं, हे सरळ होतं. म्हणून त्यांनी ते केलं नाही. ते समोरच्या सरांकडे गेले.

समोरचे सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. कोणत्याही अडचणीवर त्यांच्याकडे शास्त्रीय उपाय तयार असायचा. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच, फक्त यांचा उंटही शास्त्रीय होता. त्यांनी लेबलावर नखाने टकटक केलं.

"डिंक थंड पडलाय. उष्णता द्या. डिंक वितळेल, कागदात शिरेल, जन्मात सुटणार नाही."

"म्हणजे इस्त्री?"

"हलकी. आणि थेट नको, वर कापड टाकून. नाहीतर कागद करपेल."

साहेबांना पटलं. कापड टाकायचं, म्हणजे काळजीपूर्वक काम. त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळे डबे खेटून मांडले, लेबलं वर करून. त्यावर चादर अंथरली, चारी कोपरे नीट ओढून घेतले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीने, एकही डबा न चुकवता, इस्त्री फिरवली. सर शेजारी उभे राहून "वा, वा, अजून थोडी" म्हणत होते. त्यातच सगळं आलं.

मग साहेबांनी चादर उचलली.

खरं सांगायचं तर आधी त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. लेबलं काळी ठिक्कर पडली होती. सगळीच. बारकोड नाही, पत्ता नाही, काही नाही. तीस डब्यांवर तीस काळे चौकोन, पाटीसारखे कोरे. मशीनच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की ही लेबलं शाईने नव्हे तर उष्णतेनेच छापली जातात, म्हणून ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवा. ते आता सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं.

"हे आधी नाही का वाचायचं?" साहेब कुजबुजले. ओरडायची सोय नव्हती, आत बायको झोपली होती.

"पण डिंक बघा," सर म्हणाले. "काय घट्ट बसलाय!"

साहेबांना त्या क्षणी सरांचं काय करावंसं वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

पत्ते साइटवरून पुन्हा छापता आले असते, गुंडाळीत लेबलं उरली होती. पण कोणत्या डब्यात काय आहे? डबे सगळे सारखे. उघडून बघावं तर लाल पट्टी फाटणार. पट्टी फाटली तर तो डबा जाणार नाही. एक डबा जाणार नाही म्हणजे तिसरी सूचना. आणि दुकान बंद. साहेब टेबलाची कड धरून उभे राहिले.

"वास!" सर म्हणाले. "नाक लावून ओळखू."

सूचना बरी होती, पण सरांना तपकिरीची सवय. त्यांचं नाक कधीच निकामी झालेलं. त्यांनी पुदिन्याचा डबा हुंगून "गुलाब" असा निर्वाळा दिला. साहेबांना भीतीने काहीच वास येईना. शेवटी वरच्या काकूंना बोलावलं. कोणाच्या घरी दूध उतू गेलं ते जिन्यातून सांगणारी बाई ती! आल्या त्या नाकाने कांदे सोलतच आल्या.

"मला आधीच बोलवायचं होतं ना. कॉफी. हा घ्या, हाही कॉफी. हा लिंबू."

दहा-बारा डबे भराभर लागले. साहेबांच्या जिवात जीव आला. मग काकू थांबल्या. एक डबा नाकाशी धरला, खाली ठेवला, परत धरला.

"अहो, आता सगळ्याला कॉफीचाच वास येतोय."

"असं कसं?"

"असं कसं म्हणजे? नाक आहे ते, तुमचं यंत्र नाही टीं करायला!"

सरांनी शास्त्रीय उपाय सुचवला: प्रत्येक डब्यानंतर गॅलरीत जाऊन मोकळी हवा घ्यायची. झालं! काकू डबा हुंगायच्या, गॅलरीत पळायच्या, पाच श्वास घ्यायच्या, परत यायच्या. सर त्यांना वाट करून द्यायला खुर्च्या सरकवायचे. एक खुर्ची आडवी झाली, आणि तो आवाज ऐकून आतलं दार उघडलं.

वहिनी शाल गुंडाळून उभी होती. तिने टेबल पाहिलं. काळे चौकोन पाहिले. इस्त्री पाहिली. चादर पाहिली, ती तिची चांगली चादर होती. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं.

तिने आकांडतांडव केलं असतं तर साहेबांना बरं वाटलं असतं. तशी त्यांची तयारी होती, दोन-तीन उत्तरंही तयार होती. पण तिने फक्त विचारलं, "सगळे?"

"सगळे," साहेब म्हणाले.

"किती वाजले?"

पाचला अगदी थोडा वेळ होता. वहिनी रडली नाही. नाक पुसलं, शाल खोचली आणि डबे हातात घ्यायला लागली. वास तर तिला येतच नव्हता. ती डबा कानाशी नेऊन हलवायची. लिंबाच्या वड्या ती जाड कापायची, त्या आत हलत नाहीत. पुदिन्याच्या निसटत्या, त्या खुळखुळतात. गुलाबाचा आवाज भरीव. खोलीत पिन पडली तरी ऐकू आली असती. काकू जिथे होत्या तिथेच तोंड दाबून उभ्या. ती एकेक डबा बाजूला ठेवायची, काकू हुंगून मान हलवायच्या, साहेब नवं लेबल छापून चिकटवायचे. एकदा लेबल तिरकं लागलं तर ते सरळ करायला त्यांनी हात पुढे नेला आणि लगेच मागे घेतला.

शेवटी दोन डबे उरले. एक मधाचा, एक बिनवासाचा. दोन्ही सारखेच खुळखुळत होते. मधाचा वास आधीच मंद, त्यात इस्त्री. काकूंनी तीनदा हुंगून हात टेकले. साहेबांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला.

"काही उपयोग नाही," वहिनी म्हणाली. "वड्या मी हाताने कापते. एकीसारखी दुसरी नसते."

बेल वाजली.

कुरियरवाला दारात उभा. "झालंय ना, वहिनी? खाली गाडी चालू ठेवलीय."

"एक मिनिट, भाऊ."

सरांनी हळूच सुचवलं, "अंदाजाने पाठवा. निम्मी शक्यता आपल्या बाजूची आहे."

खरं सांगतो, साहेबांच्याही मनात तेच होतं. गणित सरळ होतं: डबा उघडला तर दुकान नक्की जाणार, न उघडता पाठवला तर कदाचित वाचणार. ते तसं म्हणालेही. वहिनीने दोन्ही डब्यांवर एकेक हात ठेवला होता.

"बिनवासाचा कोणी मागवलाय माहितीये? एका बाळाच्या आईने. त्या बाळाला कशाचाही वास सोसत नाही. अंगभर पुरळ उठतं, खाजवून रक्त काढतं. ती बाई मला लिहून पाठवते, ताई, तुमच्या साबणामुळे आता झोपतो. आणि मी तिला अंदाजाने पाठवू?"

गाडीचा आवाज खालून येत होता. वहिनीचं बोट लाल पट्टीवर गेलं आणि तिथेच थांबलं. डोळे भरून आले. तिचंच दुकान, आणि तिच्याच हातून बंद करायचं. सांगा, कोणाचा हात धजेल?

शिक्केसाहेबांनी तिच्या हाताखालून डबा ओढून घेतला. शिक्का नसताना आयुष्यात पाकीट न उघडलेला माणूस तो. त्याने टर्रकन पट्टी फाडली. आत तीन पांढऱ्या वड्या होत्या. बिनवासाच्या.

"हा बाळाचा," ते म्हणाले. "दुसरा मधाचा. तो जाऊ द्या."

कुरियरवाल्याने बाकीचे डबे पोत्यात भरले. फाटलेल्याकडे पाहून मान हलवली. "हा नाही घेता येणार, साहेब." आणि तो गेला. सर आणि काकूही पाय न वाजवता आपापल्या घरी गेले.

अर्ध्या तासात साइटवर तिसरी पिवळी सूचना उमटली. वहिनीने आधी त्या बाळाच्या आईला लिहिलं की तुमचा साबण उशिरा येईल, माफ करा. मग उशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली. साहेब संगणकासमोर बसले. अपिलाच्या पानावर कारण निवडायचं होतं: पाऊस, संप, आजारपण, चुकीचा पत्ता, इतर. आजारपण निवडलं असतं तर खोटंही ठरलं नसतं. साहेबांनी 'इतर' निवडलं. कर्सर नेमका कुठे लुकलुकतोय ते दोनदा पाहिलं आणि आयुष्यात सर्वांत सावकाश टाईप केलं:

"सदर विलंबास दुकानाच्या मालकीणबाई कोणत्याही प्रकारे जबाबदार नाहीत. त्या आजारी असतानाही त्यांनी सर्व डबे चोख तयार केले होते. त्यांनी स्पष्ट मनाई केलेली असतानाही खाली सही करणाऱ्याने सर्व लेबलांवर चादर टाकून इस्त्री केली. ओळख न पटलेला माल गिऱ्हाइकास पाठवण्यास मालकीणबाईंनी नकार दिला व दुकान पणाला लावले. दोष सर्वस्वी माझा आहे. शिक्षा मालास नसावी."

शेवटचं वाक्य त्यांना स्वतःलाही नीट कळलं नाही, पण ते त्यांनी तसंच ठेवलं. रात्री दोघंही जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. साइटच्या तक्रार विभागातून एक बाई बोलत होती. वहिनीने फोन टेबलावर ठेवून मोठ्याने लावला. साहेब दाराला टेकून उभे राहिले, बसायचं त्यांना सुचलंच नाही.

"ते अपील मी वाचलं," ती बाई म्हणाली. "मी इथे बसून दिवसभर कारणं वाचते. सगळ्यांकडे पाऊसच पडलेला असतो. चादर टाकून इस्त्री पहिल्यांदाच." पलीकडे ती हसू आवरत होती. "त्या बाळाच्या आईनेही आम्हाला लिहिलंय, की उशिरा आला तरी मला याच दुकानाचा हवा. सूचना मागे घेतली आहे. दुकान चालू राहील."

वहिनीने तोंडाला पदर लावला. साहेबांनी दाराची कडी घट्ट धरली.

"फक्त नोंदीसाठी विचारते," बाई पुढे म्हणाली. "हे इस्त्रीवाले कोण? दुकानात कामाला आहेत?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "मदतीला ठेवलेत. नवीन आहेत."

"कामाचा अनुभव?"

"अनुभव खूप आहे. तोच तर घोटाळा आहे."

"मग ठेवणार आहात, की..."

शिक्केसाहेबांच्या छातीत अशी धडधड नोकरीत कायम झाल्याच्या दिवशीही झाली नव्हती. वहिनीने नाक पुसलं.

"ठेवते," ती म्हणाली. "बघू, कसे काम करतात ते."

फोन बंद झाला. ती लगेच उठली नाही, दुकानाचं पान उघडून आपल्या नावाकडे बघत बसली. शिक्केसाहेब गुपचूप स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं, डबा काढला, चमचा भरला, आणि तो चमचा तसाच हातात धरून बाहेर आले.

"साखर किती टाकू?" त्यांनी विचारलं.